नवा गिटारवाला आणि जुना बँड: मॉडेस्ट माउसच्या २००७च्या अल्बममागची गोष्ट

संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात एका गच्चीवरच्या खोलीत मराठी रॉक वाजवणाऱ्या पोरांची तालीम चालते. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, दार लावलं की उन्हाळ्यात जीव नको होतो. त्यांच्या गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली, त्याच्या जागी जालन्याचा एक मुलगा आला आणि त्याला घेऊन केलेली सहा गाणी या पावसाळ्यात बाहेर पडली. ती ऐकून त्यांचा एक जुना चाहता म्हणाला, "पोरगं वाजवायलंय चांगलं, पण नवं काय आलं ते कळंना गेलंय."

मला एकदम २००७ साल आठवलं. अमेरिकेतल्या मॉडेस्ट माउस या बँडच्या अल्बमवर तेव्हा अशीच तक्रार झाली होती, आणि ती चक्क जॉनी मारसारख्या नावाजलेल्या ब्रिटिश गिटारवादकाबद्दल होती.

मॉडेस्ट माउस हा वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा गावचा बँड. तेव्हा गायक आणि गिटारवादक आयझॅक ब्रॉक, बेसवर एरिक जूडी, ड्रम्सवर जेरेमाया ग्रीन असत. नव्वदीत छोट्या रेकॉर्ड कंपन्यांकडून त्यांचे अल्बम निघत. ब्रॉकचं गाणं सरळ नसतं. तो ओरडतो, पुटपुटतो, मध्येच सूर सोडून बोलायला लागतो, आणि त्याची गिटारही तशीच तारा ओढत, कण्हत चालते. २००० साली एपिक या मोठ्या कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला. २००४च्या अल्बमने तर त्यांना रेडिओवर नेऊन बसवलं. अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. इतकी वर्षं ज्यांनी या बँडला आपल्यापुरता जपला होता, त्यांना हे यश जरा बोचलंच. ग्रीन त्या अल्बमच्या वेळी बँडमध्ये नव्हता, तो २००४मध्ये परतला. त्याच वर्षी गिटारवादक डॅन गलूची बाहेर पडला आणि एक जागा रिकामी झाली.

या जागेसाठी ब्रॉकने थेट मँचेस्टरच्या मारला फोन लावला. मार म्हणजे द स्मिथ्स या ब्रिटिश बँडचा गिटारवादक. १९८२ ते १९८७ एवढीच त्या बँडची कारकीर्द, स्टुडिओ अल्बम चार. पण ब्रिटनमध्ये छोट्या, स्वतंत्र कंपन्यांतून वाढलेल्या ज्या रॉकला पुढे इंडी म्हटलं गेलं, त्यातल्या कित्येक गिटारवादकांनी आपला हात मारचं ऐकूनच घडवला. लांबलचक सोलो वाजवणं हा त्याचा पिंड कधीच नव्हता. कॉर्डचे सूर सुटे करून, तारा मोकळ्या ठेवून, एकावर एक थर चढवत तो गाण्याखाली जमीन तयार करतो. त्यामुळे तो ऐकला जातो गायकाच्या मागेच. पुढच्या सगळ्या गैरसमजाचं मूळ मला इथे दिसतं.

मार अमेरिकेत पोर्टलंडला गेला तो काही दिवस बँडसोबत वाजवून बघायला. तिथे त्याने ब्रॉककडची जॅग्वार ही फेंडर कंपनीची गिटार उचलली आणि पुढे अल्बममधून सर्वांत आधी सुटं काढलेल्या गाण्याची रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, तिच्यावरच सुचली. २००६मध्ये तो बँडचा रीतसर सदस्य झाला. पाहुणा कलाकार म्हणून नाव छापून घेणं त्याला सहज जमलं असतं, ते त्याने केलं नाही. याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

'वी वेअर डेड बिफोर द शिप इव्हन सँक' हा अल्बम मार्च २००७मध्ये आला. पहिल्याच आठवड्यात सव्वा लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि तो थेट बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत हा मान स्मिथ्सच्या वाट्याला कधी आला नव्हता. परीक्षणं बहुतेक अनुकूल होती. काहींना चौदा गाणी आणि तासाभराची लांबी जाचली, काहींना आवाज फार घोटीव वाटला. पण मारविषयीचा सूर बराचसा सारखा होता: तो बँडमध्ये इतका मिसळलाय की वेगळा सापडत नाही. कुणी हे कौतुकाने लिहिलं, कुणी हिरमुसून.

तुळजापूरकडच्या आमच्या गावांत लग्नानंतर अजून गोंधळ घालतात. मुख्य गोंधळी आख्यान लावतो, आवाज चढवतो, मध्येच गद्यात शिरतो. शेजारचा तुणतुणेवाला एका तारेवर सूर धरून असतो, आणि ओळ संपत आली की शेवटचे शब्द उचलून झील धरतो. तेवढ्यात मुख्य गोंधळ्याला दम घ्यायला मिळतो. माझ्या चुलतभावाच्या गोंधळात झीलकरी नवा होता. त्याच्याकडे मांडवात कुणी मान वळवून पाहिलं नाही. पण पहाटे आरती झाली तरी म्हाताऱ्या गोंधळ्याचा आवाज बसला नव्हता, आणि उठताना त्याने आधी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला.

मारची गिटार त्या अल्बमवर अशीच ऐकावी लागते. ब्रॉक याआधी एकटाच गायचा, भांडायचा, सावरायचा. इथे तो जास्त मोकळा सुटलाय, कारण खाली कुणीतरी सूर धरून आहे. त्याची गिटार वाकडी चालते तेव्हा दुसरी ठामपणे ठेका धरते. तीन गाण्यांत तर द शिन्स या दुसऱ्या बँडचा गायक जेम्स मर्सर खरोखरीची झील देतो. परीक्षकांनी नवी सही शोधली, ती त्यांना दिसली नाही. जुन्या गायकात काय बदललं हे फार थोड्यांनी विचारलं. उस्मानपुऱ्यातल्या पोरांची गाणीही याच कानाने ऐकावीत, एवढ्यासाठी हे लिहितोय. त्यांची गायिका तिसऱ्या गाण्यात पहिल्यांदाच हळू गायलीय.

२००८मध्ये मार इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या द क्रिब्स या तीन भावांच्या बँडमध्ये गेला. तिथेही तो सदस्य म्हणूनच राहिला, आणि २००९चा त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोचला. मॉडेस्ट माउसचा पुढचा पूर्ण अल्बम यायला २०१५ उजाडलं. स्मिथ्सच्या काळात मारच्या हातात प्रामुख्याने रिकनबॅकर, टेलिकास्टर अशा गिटारी असत. पोर्टलंडनंतर मात्र जॅग्वार त्याच्या हातून सुटली नाही, आणि २०१२मध्ये फेंडरने त्याच्याच नावाची जॅग्वार बाजारात आणली.