डोकं किती वेळा दुखतं, की किती दिवसांनी?

मागच्या वर्षी आई अमेरिकेत आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं, डोकं दुखायचं म्हणून. नर्सनं विचारलं, ‘हाऊ ऑफन डू यू गेट दीज हेडेक्स?’ मधे दुभाषी मी, पटकन विचारलं, "आई, किती वेळा दुखतं गं?" आई म्हणाली, "दुखतं की दोन-तीनदा." आता दोन-तीनदा म्हणजे दिवसातून, आठवड्यातून, की इथे आल्यापासून? नर्सचं पेन तसंच थांबलेलं. मग मी प्रश्न फिरवला, "किती दिवसांनी दुखतं?" आई जरा थांबून म्हणाली, "पंधरा दिवसांनी बघ. एकादशी असली की संध्याकाळी हमखास." म्हणजे उपाशी राहिल्यानं दुखत होतं, आणि ते मी शब्द बदलला तेव्हा बाहेर आलं.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. आपण शाळेत ‘हाऊ ऑफन’ आणि ‘हाऊ मेनी टाइम्स’ दोन्हीचा अर्थ ‘किती वेळा’ असाच पाठ केला, पण इंग्रजीत ते दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘हाऊ मेनी टाइम्स’ ही मोजणी आहे, आणि मोजायचं तर काळाची चौकट लागते, या महिन्यात, लहानपणी, आत्तापर्यंत. उत्तर नुसता आकडा, ‘फोर टाइम्स’. ‘हाऊ ऑफन’ सवय विचारतं, त्याला नुसता आकडा पुरत नाही, ‘ट्वाइस अ वीक’ म्हणावं लागतं नाहीतर ‘एव्हरी टेन डेज’. ‘हाऊ फ्रीक्वेंटली’ म्हणजे हाच प्रश्न, फक्त कागदोपत्री कपड्यात.

मराठीत हा फरक नाही असं मात्र अजिबात नाही, आपल्याकडे तो क्रियापदात बसलाय. "पुण्याला किती वेळा जातेस?" आणि "पुण्याला किती वेळा गेलीयेस?" यात कुणाचा गोंधळ होत नाही. उलट एका बाबतीत आपण जास्त बारीक आहोत. स्टॉपवर आपण "गाडी किती वेळानं असते?" असंच विचारतो, ‘किती वेळा’ नाही. फेऱ्या मोजणं वेगळं, मधलं अंतर वेगळं, आणि इंग्रजी ‘हाऊ ऑफन’ या दोघांना एकाच पोत्यात घालतं. भौतिकशास्त्रात हीच जोडी आहे, वारंवारता आणि आवर्तकाल. घरातली वीज भारतात ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजेच एक आवर्तन ०.०२ सेकंदाचं, गोष्ट एकच फक्त उलटी करून सांगितलेली.

पण माणसाच्या आठवणीला ती एकच वाटत नाही ना! गेल्या वर्षात किती लग्नांना गेलात असं विचारलं तर आपण एकेक लग्न आठवून बोटांवर मोजतो, पण चहा किती वेळा घेतलात म्हटलं की कप कोण आठवणार, तिथे ‘दिवसाला तीन’ असा नियम लावून मोकळे होतो. मोजताना बारीकसारीक गोष्टी गळतात आणि कधीकधी आधीच्या महिन्यातल्या या महिन्यात घुसतात, नियम लावताना अपवाद विसरले जातात. चुका दोन्हीकडे, पण वेगवेगळ्या जातीच्या.

आणि प्रश्नातला एखादा शब्दसुद्धा उत्तर हलवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७५ मध्ये हे नेमकं डोकेदुखीवरच दाखवलं. काही जणांना विचारलं, तुमचं डोकं ‘फ्रीक्वेंटली’ दुखतं का, आणि दुखत असेल तर ‘हाऊ ऑफन’? बाकीच्यांना ‘फ्रीक्वेंटली’च्या जागी ‘ऑकेजनली’, म्हणजे अधूनमधून. पहिल्या गटाची सरासरी आली आठवड्याला २.२ वेळा, दुसऱ्याची ०.७! तिपटीचा फरक, तोही एका क्रियाविशेषणानं. मी हे वाचलं तेव्हा डॉक्टरांच्या सगळ्या फॉर्मकडे नव्यानं बघायला लागलो.

‘डू यू एव्हर’ अजून वेगळं, ते आधी होतं की नाही हेच विचारतं. ‘हाऊ ऑफन’ मात्र ‘होतंच’ असं धरून चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ नावाच्या दारूविषयीच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न ‘हाऊ ऑफन’चा आहे, पण उत्तरांत पहिला पर्याय ‘नेव्हर’ ठेवलाय, म्हणजे न पिणाऱ्यालाही जागा आहे.

औषधांच्या बाबतीत तर हा फरक थेट अंगाशी येतो. ‘थ्री टाइम्स अ डे’ म्हणजे दिवसातून तीनदा, कधी ते तुम्ही बघा. ‘एव्हरी एट अवर्स’ म्हणजे दर आठ तासांनी, काही अँटिबायोटिकला तसंच लागतं कारण रक्तातलं औषधाचं प्रमाण मधे फार खाली जाऊन चालत नाही. नंतर एकदा आईला तसलं औषध दिलं होतं आणि ती ते सकाळी सातच्या चहाबरोबर, दुपारी एकला जेवल्यावर आणि रात्री नऊला घेत होती, तीनदा बरोबर, पण रात्री दहा तासांची गॅप. मग मी डबीवर स्केचपेननं मोठ्या अक्षरात फक्त वेळा लिहिल्या, ६, २, १०.