पोरं उशिरा झोपतात ते नुसत्या मोबाईलमुळे नाही

माझी भाची पंधरा वर्षांची. परवा रात्री दहाला लाईट बंद करून पडली आणि अकराला उठून माझ्याजवळ येऊन रडायलाच लागली, "मावशी, डोळे मिटलेत पण डोकं चालूच आहे गं, सकाळी सहाला उठायचंय." मोबाईल तर तिच्या आईने नऊलाच काढून घेतला होता. घरातले सगळे म्हणतात आळशी आहे, शिस्त नाही. हे खरं नाहीये, म्हणूनच लिहायला बसले.

आपल्याला झोप येते ती दोन गोष्टींमुळे, हे मॉडेल झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात, त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि जितकं साठेल तितकी झोप दाटते (कॉफी याच अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी वाटते). दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ, मेंदूच्या तळाकडच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका.

आता गंमत बघा, हे घड्याळ दिवसभर दाबाच्या विरुद्ध ढकलत असतं, आणि सगळ्यात जोरात कधी ढकलतं तर झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास! दाब भरपूर साठलेला असतो, घड्याळाने असं धरून ठेवलं नसतं तर आपण संध्याकाळीच लुढकलो असतो. मग मेलाटोनिन (रात्र झाल्याचा इशारा देणारं हार्मोन) वाढायला लागतं, घड्याळ हात सोडतं आणि झोप लागते. वयात येताना हे सगळंच पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा वाढतं आणि शिवाय दाबही हळू साठतो. म्हणजे दहाला भाची पडली तेव्हा तिचं घड्याळ तिला जागं ठेवायला सगळ्यात जास्त जोर लावत होतं. झोपेच्या संशोधक मेरी कार्सकाडन यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं की उशिरा झोपण्याचा कल वयात येण्याच्या टप्प्याशी जोडलेला आहे, आणि तेव्हा कुठे होते स्मार्टफोन? मोबाईल भर घालतो हे मान्य, पण मूळ तो नाही.

याचा मनाशी काय संबंध? तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाचा अलार्म वाजतो तेव्हा कापली जाते ती शेवटची झोप, आणि स्वप्नांची आरईएम झोप पहाटेकडेच जास्त असते. भावना निवळायला हीच झोप मदत करते असं मानतात. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर भीती-रागाशी जोडलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, ६० टक्के जास्त पेटला आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या मेंदूशी त्याचा संपर्क ढिला पडला. रोजची थोडी-थोडी कमी झोप म्हणजे तेवढं टोक नाही, पण पोरगं उगाच अंगावर येतं तेव्हा आधी झोपेचा हिशोब बघा.

अपुऱ्या झोपेत कधी कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. ते भूत नाही, बाधा नाही! आरईएममध्ये स्नायू सैल पडलेले असतात आणि मेंदू त्यांच्या आधी जागा होतो, एवढंच. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती एकटीच घाबरत बसतात.

उपाय साधे आहेत. सकाळी उठल्या उठल्या बाहेरचा उजेड, संध्याकाळी मंद लाईट, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळणं नको (एखादा तास उशीर चालेल), आणि झोपायच्या वेळी मार्कांचा विषय अजिबात नको. महागड्या ब्लू लाइट चष्म्यांच्या नादी लागू नका, झोप सुधारते असा भक्कम पुरावा नाही.

झोपेचं विचारण्याचा अजून एक फायदा आहे. "उदास आहेस का" म्हटलं की पोरं "नाही" म्हणून मोकळी होतात, "काल किती वाजता झोप लागली" याचं मात्र खरं उत्तर देतात, आणि मग बाकीचंही हळूहळू बाहेर येतं. दोन आठवडे झोप बिघडलेली, आवडत्या गोष्टीतही मन नाही, खाणं बदललंय असं दिसलं तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. आणि जगायचंच नाही असं काही बोललं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं, तोवर एकटं सोडायचं नाही.