सरफेस-माउंट सोल्डरिंग, हाताने (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओसंचात फेरबदल करताना पीसीबीच्या (सर्किटच्या छापील पट्टीच्या) वरच्या अंगाला बसणारे बारीक सुटे भाग, म्हणजे एसएमडी, साध्या सोल्डरिंग आयर्नने बसवण्याचे किंवा काढण्याचे काम. जुन्या भागांचे पाय पीसीबीच्या भोकांतून आरपार जात. एसएमडीला पाय नसतात, असलेच तर अगदी आखूड, आणि ते तांब्याच्या पॅडवर वरूनच डाखले, म्हणजे वितळवलेल्या सोल्डरने जोडले, जातात. कारखान्यात हे काम यंत्र आणि भट्टी करते. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या घरात ते जेवणाच्या टेबलावर, चिमटा आणि भिंग घेऊन होते.

या भागांची मापे इंचाच्या शंभराव्या हिश्श्यात सांगतात. 1206 म्हणजे सुमारे 3.2 × 1.6 मिमी, 0805 म्हणजे 2.0 × 1.25, 0603 म्हणजे 1.6 × 0.8 आणि 0402 म्हणजे 1.0 × 0.5 मिमी, जवळजवळ खसखशीचा दाणा. रेझिस्टरवर आकडे असतात: 103 म्हणजे 10 किलोओहम. सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र सहसा काहीच छापलेले नसते. दोन वेगळ्या क्षमतेचे कपॅसिटर टेबलावर एकत्र सांडले, तर मीटर लावल्याशिवाय ओळख पटत नाही, म्हणून एका वेळी एकच पाकीट उघडावे.

हे काम पाहणारा पहिल्यांदा नजरेविषयी आणि हात थरथरण्याविषयी विचारतो. नजर भिंगाने सुधारते, आणि मनगट टेबलावर टेकवले की हातही पुरेसा स्थिर होतो. कामाचे खरे यश फ्लक्सवर आणि उष्णतेवर ठरते. गोव्यातल्या शेटांच्या, म्हणजे सोनारांच्या, पेढीवर ज्याने सोन्याचा सांधा होताना पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. शेट आधी टाकणखार लावतो, डाखाचा कण सांध्यावर ठेवतो आणि मग आच देतो. डाख वितळला की आपणहून फटीत ओढला जातो. टाकणखार धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तेच काम राळेपासून केलेला फ्लक्स करतो. पॅड स्वच्छ असेल तर वितळलेले सोल्डर पृष्ठताणामुळे भागाला ओढून स्वतःच मध्यावर आणते. फ्लक्स कमी पडला तर सोल्डरचा गोळा होऊन तो नुसता बसून राहतो, आणि माणूस आपल्या हाताला दोष देतो.

63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिसे असलेले सोल्डर 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. शिसेविरहित सोल्डरला सुमारे 217 अंश लागतात. 1 जुलै 2006 पासून युरोपात शिशावर निर्बंध आल्यावर कारखान्यांतून तेच वापरले जाते. दुरुस्तीला शिशाचे सोल्डर सोपे पडते. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. धुराचा त्रास मात्र शिशाचा नसतो, तो राळेचा असतो. त्याने दमा बळावू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी. डोक्यावरचा पंखा मात्र बंद ठेवावा, नाहीतर 0402 कुठे उडाला ते कळत नाही.

कृती अशी. दोन पॅडपैकी एकावरच सोल्डरचा लहानसा थेंब द्यावा. दोन्हीवर फ्लक्स लावावा. डाव्या हातातल्या चिमट्याने कपॅसिटर पीसीबीवर सपाट धरून जवळ न्यावा, उजव्या हाताने तो थेंब वितळवावा आणि कपॅसिटर त्यात सरकवावा. आयर्न बाजूला घेतल्यावर मनात तीन मोजेपर्यंत चिमटा हलवू नये. मग दुसरी बाजू डाखावी, आणि शेवटी पहिल्या सांध्याला थोडा फ्लक्स देऊन तो पुन्हा वितळवावा. चांगला सांधा खोलगट आणि चकचकीत दिसतो. आयर्नचे टोक सुईसारखे नको. चपटे, दीड-दोन मिलिमीटरचे टोक उष्णता जास्त पोचवते. ते पॅडला लावावे, सिरॅमिकच्या अंगाला थेट टेकवू नये, कारण अचानक तापल्याने कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी भेग जाऊ शकते. स्वस्त, दोन पिनांचा प्लग असलेल्या आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज येतो, म्हणून अर्थिंग असलेलेच आयर्न घ्यावे.

हौशी मंडळींत रुळलेला एक फेरबदल आरटीएल-एसडीआर डोंगलचा आहे. टीव्हीसाठी केलेला हा यूएसबी रिसीव्हर 2012 पासून हौशी रेडिओत फार वापरला गेला. त्यातला आर820टी ट्यूनर सुमारे 24 मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाही, त्यामुळे लघुलहरी सुटतात. उपाय म्हणजे ट्यूनर वगळून अँटेना थेट आरटीएल2832यू या चिपच्या 4 आणि 5 क्रमांकाच्या पिनांना, शक्यतो छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत, जोडणे. चिप सेकंदाला 2 कोटी 88 लाख नमुने घेते, म्हणून त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 14.4 मेगाहर्ट्झपर्यंत, सरळ ऐकू येते: 7 मेगाहर्ट्झचा हॅम (हौशी रेडिओचा) बँड आणि 14 मेगाहर्ट्झचाही. अडचण एकच. त्या पिना एकमेकींना अगदी खेटून आहेत आणि चिपच्या कडेशी जेमतेम दिसतात. केसाएवढी इनॅमल तार आधी कथिलाने माखून, भरपूर फ्लक्समध्ये, आयर्नच्या एका स्पर्शात लावावी लागते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या डोंगलवर तार लावली, पण ती गोंदाने बांधली नाही. केबल ओढली गेली आणि तारेबरोबर पिनेखालचे तांबेही उपटले. तार आधी पीसीबीला चिकटवावी, मगच पिनेला डाखावी.

गोव्याची हवा या कामात एका बाबतीत मदत करते: दमट हवेत स्थिर विजेचा धोका कोरड्या प्रदेशांपेक्षा कमी असतो. बाकी सगळे विरुद्ध. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या भागांची टोके काळवंडतात आणि सोल्डर धरत नाहीत, म्हणून ते सिलिका जेलसकट घट्ट डब्यात ठेवावेत. फ्लक्स धुतला नाही तर खाऱ्या ओलीत त्याच्यातून विजेची बारीक गळती सुरू होते आणि काही दिवसांत तांबे हिरवे पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा जुना ब्रश, मग पूर्ण सुकल्यावर पारदर्शक लॅकरचा थर, एवढे समुद्राजवळच्या घरात अनिवार्य मानावे.

नुसते ऐकण्याचा फेरबदल आणि प्रक्षेपणाचा फेरबदल यांत मोठे अंतर आहे. काही संचांतला एखादा शून्य ओहमचा रेझिस्टर काढला की संच हॅम बँडबाहेरही प्रक्षेपण करू लागतो. ते बेकायदा आहेच, शिवाय इथे धोक्याचेही आहे: मुरगावच्या बंदरातली जहाजे संकटात 156.8 मेगाहर्ट्झवर हाक देतात आणि दाबोळीची विमाने 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. भारतात प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी विभागाचा परवाना घ्यावा लागतो. वयाची अट किमान 12 वर्षे, आणि व्हीयू2 किंवा व्हीयू3 ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हवेतले ओळखनाव, मिळते.

7 मेगाहर्ट्झच्या डायपोल अँटेनाला दोन्ही बाजूंना साधारण 10-10 मीटर तार लागते. अंगणात दोन माड असले की पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) सांगून ती वर बांधून घेता येते. तार ताठ ओढू नये. वाऱ्यात माड झुलतात आणि ती तुटते. डोंगलमधल्या चिपच्या त्या दोन पिनांना स्वतःचे फारसे संरक्षण नसते, म्हणून तार जिथे आत येते तिथे बीएव्ही99 हा दुहेरी डायोड, 2.9 मिमी लांबीचा, त्याच चिमट्याने बसवावा. जवळ पडणारी वीज तोही अडवू शकत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा सरताना गडगडाट ऐकू आला की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी.