मेंटेनन्सच्या आधी ऑटोफेलओव्हर बंद करायचाच का?

पोस्टग्रेस डेटाबेसचे क्लस्टर (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) पॅट्रोनीवर, म्हणजे मुख्य सर्व्हर कोसळला तर दुसऱ्याला आपोआप त्याच्या जागी आणणाऱ्या (ऑटोफेलओव्हर) सॉफ्टवेअरवर, चालवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे: सर्व्हरचे काम काढले की आधी ‘पॉज’ देऊन ऑटोफेलओव्हर बंद करायचा, म्हणजे सगळे सुरक्षित. हा समज चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

पॉज दिल्यावर पॅट्रोनी आपणहून कोणालाही प्रायमरी (मुख्य सर्व्हर) करत नाही. म्हणजे तुम्ही रेप्लिका (प्रत ठेवणारा सर्व्हर) पॅच करत असताना प्रायमरीच कोसळला, तर धडधाकट दुसरी रेप्लिका शेजारी असूनही ॲप्लिकेशन बंदच राहते. नेमकी जेव्हा गरज, तेव्हाच राखणदार रजेवर!

ओएस पॅचिंग किंवा रीबूटसाठी पॉज लागत नाही. आधी रेप्लिका एकेक करून उरका. त्या पुन्हा प्रायमरीच्या बरोबरीला आल्या, लॅग (मागे राहिलेला डेटा) शून्यावर दिसला, की ‘स्विचओव्हर’ (ठरवून केलेला प्रायमरी-बदल) करा आणि मग जुन्या प्रायमरीला हात लावा. स्विचओव्हरमध्ये जुना प्रायमरी रीतसर बंद होतो आणि उरलेला वॅल (बदलांच्या नोंदी) नव्याकडे पोहोचतो. अचानक झालेल्या फेलओव्हरमध्ये, रेप्लिकेशन असिंक्रोनस (रेप्लिकाच्या पोचेची वाट न पाहणारे) असेल तर, शेवटचे काही व्यवहार गमावण्याची शक्यता असते.

मग पॉज कशासाठी? ईटीसीडीचे (प्रायमरी कोण, याची नोंद ठेवणाऱ्या सेवेचे) काम काढताना किंवा पोस्टग्रेसचे मेजर व्हर्जन बदलताना तो कामाला येतो. एरवी, मूळ सेटिंगमध्ये, ईटीसीडी गाठता आला नाही तर पॅट्रोनी प्रायमरीला रीड-ओन्ली करतो. पॉजमध्ये तसे करत नाही.

काम संपल्यावर ‘रिझ्यूम’ द्यायला मात्र हटकून विसरतात. पॅट्रोनीच्या ‘लिस्ट’ कमांडखाली ‘मेंटेनन्स मोड: ऑन’ दिसत असेल, तर ऑटोफेलओव्हर अजून बंदच आहे.