उपाशी पडदा कोणाला हाक मारतो?

मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या पडद्यातल्या, म्हणजे रेटिनातल्या, केशवाहिन्या एकेक करून बंद पडत जातात. पुढे त्या भागाच्या कडेने नव्या वाहिन्या फुटतात, पण नको तिथे: पडद्यावरून काचद्रवाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवाच्या, बाजूला. त्यांची भिंत कच्ची असते. त्या फुटल्या की डोळ्यासमोर काळे धागे तरंगू लागतात, कधी एकदम अंधारून येतं.

या वाहिन्यांना बोलावतं कोण? नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली याचं उत्तर सुचवलं. घडत असलेल्या पडद्यात केशवाहिन्या शिरेच्या बाजूने फुटतात, धमनीलगत मात्र मोकळी पट्टी राहते. धमनीजवळ ऑक्सिजन भरपूर असतो. म्हणजे ऑक्सिजनला तहानलेला भाग एखादं रसायन सोडत असणार आणि ते आजूबाजूला पसरत असणार. यालाच पुढे ‘फॅक्टर एक्स’ म्हणू लागले. ते पसरतं म्हणूनच पडद्यापासून लांब, बाहुलीच्या कडेलाही वाहिन्या येतात आणि डोळ्यातला दाब वाढून अवघड काचबिंदू होतो.

१९५३ मध्ये पोलसन यांनी एका मधुमेही बाईची नोंद केली. बाळंतपणानंतर तिची मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ही हार्मोन बनवणारी ग्रंथी निकामी झाली आणि डोळ्याचा आजार ओसरला. मग डोळ्यासाठी ही ग्रंथीच काढायला किंवा जाळायला सुरुवात झाली. संशय वाढीच्या हार्मोनवर होता. किंमत जबर होती: जन्मभर हार्मोनच्या गोळ्या आणि साखर धोकादायक उतरण्याची भीती. लेसर रुळल्यावर हा मार्ग मागे पडला, ते बरंच झालं.

लेसरचा मोठा अमेरिकन अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि गंभीर अंधत्वाचा धोका निम्म्याहून कमी होतो हे पक्कं झालं. पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरने जाळून साधारण १२०० ते १६०० बारीक डाग दिले जातात. सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या प्रकाशपेशी तिथे मरतात, मागणी घटते, हाक थांबते. बदल्यात रात्रीची आणि बाजूची नजर थोडी जाते.

फॅक्टर एक्सला नाव मिळालं ते कर्करोगाच्या प्रयोगशाळांतून. सेंगर आणि ड्वोरॅक यांना १९८३ मध्ये वाहिन्या गळक्या करणारं प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये फेरारा यांच्या गटाने वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ वेगळं केलं. दोन्ही एकच निघाली! पडद्याच्या मध्यबिंदूची सूज (वाहिन्या गळल्याने येणारी) आणि नव्या वाहिन्या यांचं मूळ एकच का, हे त्यातून कळलं. १९९४ मध्ये एलो आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतलं द्रव तपासलं: आजार भडकलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ चढलेलं, लेसर लागू पडल्यावर उतरलेलं.

व्हीईजीएफला बांधून ठेवणारी औषधं २००५ च्या सुमारास डोळ्यात आली. बेव्हॅसिझुमॅब मूळचं आतड्याच्या कर्करोगाचं. डोळ्यात त्याचे १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिलिटर, टोचतात. काही दिवसांत वाहिन्या सुकतात. पण पडद्यावर आधीच जाड तंतू धरले असतील तर वाहिन्या सुकताना तंतू आवळतात आणि पडदा ओढून सुटतो. इथे दुसरा ग्रोथ फॅक्टर (वाढीला चालना देणारं प्रथिन), तंतू घडवणारा सीटीजीएफ, पुढे येतो: व्हीईजीएफ दबलं की तोल तंतूंकडे झुकतो. म्हणून अशा डोळ्याला इंजेक्शन द्यायचं तर तंतू काढण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरलेली हवी. ते तीन-चार दिवस आधी देतात. शस्त्रक्रिया लांबली की धोका वाढतो.

२०१५ च्या एका मोठ्या चाचणीत रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफला बांधणाऱ्याच दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं दोन वर्षांच्या नजरेच्या हिशेबात लेसरपेक्षा कमी ठरली नाहीत. मात्र त्यात रुग्ण वेळेवर येत होते. औषध व्हीईजीएफला काही आठवडेच बांधतं, पडद्याची उपासमार तशीच राहते. फक्त इंजेक्शनांवर असलेला रुग्ण मध्येच सहा महिने आला नाही, तर वाहिन्या पुन्हा फुटतात, आणि लेसर झालेल्या डोळ्यापेक्षा त्याचं नुकसान जास्त होतं. गावाहून येणं कठीण असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. उपचार त्यावरूनच ठरतो.