शस्त्रक्रियेत सहायकाला कोणतं काम देता येतं? नियम, पात्रता आणि कागदपत्रं

छोट्या नर्सिंग होममध्ये टेबलाच्या पलीकडे हात धुऊन, गाऊन चढवून उभी असलेली व्यक्ती दरवेळी डॉक्टरच असते असं नाही. कधी ती सिस्टर असते, कधी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन. कधी तर त्याच थिएटरमध्ये उमेदवारी करत जुने झालेले ‘मामा’ असतात, ज्यांच्याकडे अनुभव भरपूर आणि कागद एकही नाही. सर्जनचा त्यांच्यावर विश्वास असतो, आणि बऱ्याचदा तो अनाठायी नसतो. पण तक्रार झाली की विश्वास कुणी तपासत नाही, कागद तपासले जातात.

‘रिट्रॅक्टर (छेदाच्या कडा बाजूला धरणारं हत्यार) धरणं चालेल, टाके घालणं चालणार नाही’ अशी तयार यादी कायद्यात शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. आपल्याकडे नियम दोन टोकांनी बांधलेला आहे. एका टोकाला बंदी: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार (कलम १.१.३) मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरशिवाय कुणालाही आधुनिक वैद्यक किंवा शस्त्रक्रियेचा व्यवसाय करता येत नाही. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३४ मध्ये याच्या उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. महाराष्ट्रात याशिवाय १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याचं कलम ३३ही लागू होतं. दुसऱ्या टोकाला जबाबदारी: त्याच आचारसंहितेचं कलम ७.१८ सांगतं की नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरने मदतीला सहायक ठेवले, तरी अंतिम जबाबदारी डॉक्टरचीच.

आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आणली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू केली गेली. त्यामुळे २०२३ च्या नियमावलीच्या ज्या प्रती व्हॉट्सॲपवर फिरतात त्यांच्यावर विसंबू नका.

या दोन टोकांच्या मधली जागा व्यवहाराने भरावी लागते. ट्रॉली लावणं, हत्यारं हातात देणं, मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि सुया मोजणं, रुग्णाची पोझिशन, कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाची) प्लेट लावणं, निर्जंतुकीकरण ही प्रशिक्षित सहायकाची नेहमीची कामं. सर्जन टेबलावर हजर असताना रिट्रॅक्टर धरणं, सक्शन देणं, धागा कापणं हेही त्यातच येतं. मात्र निदान, शस्त्रक्रिया करायची की नाही हा निर्णय, छेद, मुख्य विच्छेदन, भूल देणं आणि संमतीसाठी रुग्णाला धोके समजावणं ही डॉक्टरची कामं आहेत. त्वचेचे टाके ही वादाची जागा. सर्जन हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे गेले आणि मागे सहायकाने पोट बंद केलं, हे घडतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टर खोलीत नसेल तर ती मदत राहत नाही, ती बिगरनोंदणीकृत माणसाने केलेली शस्त्रक्रिया होते. गर्भपाताबाबत तर शंकेला जागाच नाही, तिथे कायद्याने पात्र ठरवलेला नोंदणीकृत डॉक्टरच लागतो.

केशरोपणाबाबत आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, कारण डॉक्टर नावापुरते आणि सगळं काम तंत्रज्ञांच्या हाती असा प्रकार बोकाळला होता. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यात सरळ म्हटलं आहे. सहायक घ्यायचे तर वैद्यकीय, नर्सिंग किंवा ओटीचं प्रशिक्षण झालेले, आणि तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली.

सहायकाची पात्रता आणि नोंदणी

२०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध (डॉक्टर-परिचारिकांखेरीज तंत्रज्ञ वगैरे) व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत ओटी टेक्नॉलॉजिस्ट आणि भूल सहायक यांचा समावेश आहे. संबद्ध व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी. ‘सहा महिन्यांत ओटी असिस्टंट’ अशा जाहिराती बघून फी भरणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा. महाराष्ट्रात परावैद्यक परिषदेचा २०११ चा कायदाही आहे, आणि केंद्रीय कायद्यात राज्य परिषदेची तरतूद आहे. म्हणून अर्ज भरण्याआधी सध्या नोंदणी कोणत्या परिषदेकडे चालू आहे ते तिच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. एजंटकडे जाऊ नका. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते.

अर्जासाठी साधारणपणे हे हाताशी ठेवा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदविका किंवा पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि सही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र. सर्वाधिक अर्ज अडकतात ते कागदांवरच्या नावात फरक असल्यामुळे, तेव्हा आधी ते जुळवून घ्या.

अनुभवाच्या दाखल्याचा एक सापळा आहे. २००२ च्या आचारसंहितेच्या कलम ७.१० नुसार डॉक्टरला अपात्र व्यक्तीला आधुनिक वैद्यकातल्या प्राविण्याचं प्रमाणपत्र देता येत नाही. मात्र त्याच कलमाखालची टीप म्हणते की विद्यार्थी, सुईणी, शस्त्रक्रिया परिचर, तांत्रिक सहायक यांना डॉक्टरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली रीतसर शिकवायला मनाई नाही. थोडक्यात, शिकवा, कामावर ठेवा, ‘अमुक काळ ओटीत सहायक म्हणून काम केलं’ असं लिहून द्या. ‘छोट्या शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे करू शकतो’ असं लिहून दिलंत, तर तो कागद उद्या तुमच्याच विरोधात पुरावा म्हणून समोर येईल.

डॉक्टरांनी फाइलमध्ये काय ठेवावं

प्रत्येक सहायकाची नोंदणी आणि प्रमाणपत्रांची प्रत, नेमणूकपत्र, आणि त्याने काय करायचं व काय नाही याची सही केलेली लेखी यादी. ही यादी कायदा मागत नाही, तरी करा. जे वाक्य कायद्यात नाही ते आपल्या कागदात असलेलं बरं. ऑपरेशन नोटमध्ये सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सहायक यांची खरी नावं लिहा. टेबलावर नसलेल्या डॉक्टरचं नाव सहायक म्हणून लिहिणं ही सरळसरळ खोटी नोंद आहे. आयुर्वेद पदवीधर डॉक्टर सहायक असतील तर त्यांची पदवी आणि नोंदणीही तशीच लिहा. आयुर्वेदातल्या शल्य (शस्त्रक्रिया) व शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) या विषयांच्या पदव्युत्तरांना नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने ५८ शस्त्रक्रिया शिकण्याची मुभा मिळाली, ती साध्या बीएएमएस या आयुर्वेद पदवीला लागू होत नाही.

संमतीपत्रात शस्त्रक्रियेचं नेमकं नाव हवं. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला पुरत नाही, आणि सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालत नाही. तिथे आईची संमती घ्यायला सहायक डॉक्टरच गेल्या होत्या.

रुग्ण किंवा नातेवाइकांना शंका असेल तर आधी नोंदी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. ऑपरेशन नोट, भूल नोंद, संमतीपत्र आणि बिल यांच्या प्रतींसह तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, कारण परिषद डॉक्टरवर कारवाई करते, पैसे मिळवून देत नाही.