बंद घरातल्या कोयतीला गंज कसा लागतो?

मे महिना संपला की चाकरमानी मुंबईला परततात आणि कोकणातली कितीतरी घरं गणपतीपर्यंत बंद होतात. कोयती, विळी, लोखंडी सुऱ्या खुंटीला नाहीतर ट्रंकेत राहतात. दार उघडलं की पात्यांवर तांबूस पूड दिसते आणि दोष पावसावर जातो. खरं तर बरंचसं नुकसान घराला कुलूप लावतानाच ठरलेलं असतं.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाणी थेंबांचंच हवं असं नाही. दमट हवेत पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी सुमारे 1930 च्या दशकात दाखवून दिलं, की हवेत सल्फर डायऑक्साइडसारखी अशुद्धी असेल आणि आर्द्रता साधारण 60 टक्क्यांपुढे गेली, तर गंजण्याचा वेग एकदम वाढतो. कोकणातल्या जुलैत ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेलीच असते.

त्यात भर मिठाची. जेवणातलं मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं! म्हणजे खारा वारा लागलेलं पातं आपल्याला कोरडं वाटलं तरी त्यावर ओल असू शकते. घामाच्या बोटांचे ठसेही तेच करतात. पुष्कळदा गंज नेमका बोटांच्या आकारात उमटतो.

स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा आतल्या धातूला झाकतो. साध्या पोलादाला हे संरक्षण नाही. त्याचा गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि सुटत राहतो. खाली पुन्हा ताजं लोखंड उघडं पडतं.

म्हणून पहिलं काम तेल लावण्याचं नव्हे, धुण्याचं. मीठ, आंबा-कोकमाचा आंबट रस, नारळाचं पाणी यांचा अंश तेलाखाली अडकला तर तो तिथेच काम करत राहतो. साबणाने धुवा, लगेच पुसा, थोडं गरम करून पूर्ण वाळवा आणि त्यानंतर पात्याला उघड्या बोटाने स्पर्श करू नका.

मग तेल कोणतं? शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन काही महिन्यांत चिकट होतं, त्याला धूळ बसते. खोबरेल उशिरा बिघडतं, पण तेही खवट होतंच. शिवणयंत्राचं खनिज तेल असं बिघडत नाही. मात्र ते पातळ असल्याने उभ्या पात्यावरून ओघळतं, त्यामुळे लांबच्या मुक्कामासाठी मेण किंवा पेट्रोलियम जेली अधिक भरवशाची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चामड्याच्या म्यानात किंवा जाड फडक्यात गुंडाळून ठेवणं. दोन्ही ओल धरतात, चामड्यात तर कमावतानाची आम्लं आणि क्षारही राहिलेले असतात. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या सिलिका जेलच्या पुड्यांसह पातं ठेवावं. पुड्या मात्र आधीच ओलावा खाऊन बसलेल्या नसाव्यात.

गणपतीला बाहेर काढल्यावर तेल किंवा जेली साबणाने पूर्ण धुवावी आणि मगच खोबऱ्याला हात घालावा.